गाडीखान्यातली ओल

घर बांधावयास काढले म्हणजे देवघर कोणत्या दिशेला असावे, स्वयंपाकघराचा ओटा किती उंच असावा, झोपण्याच्या खोलीला खिडक्या किती असाव्यात, या प्रश्नांवर घरातील लहानथोर सारी मंडळी तावातावाने बोलतात. गाडीखान्याचा विषय निघाला की मात्र सर्वांचे एकमत असते. गाडी आत गेली आणि दार लागले, म्हणजे झाले! गॅरेजच्या जमिनीचा विचार करण्यात रात्र घालविलेला गृहस्थ माझ्या पाहण्यात नाही. त्या जमिनीपायी पुढे अनेक रात्री घालविलेला एक गृहस्थ मात्र मला चांगला ठाऊक आहे. तोच आज आपल्यापुढे बोलत आहे.

आमचे घर बेळगावात, टिळकवाडीत आहे. बेळगावच्या पावसाचे वर्णन तेथे राहिलेल्यांना सांगावयास नको. जूनमध्ये आभाळ एकदा झाकोळले की जुलै-ऑगस्टमध्ये कित्येक दिवस सूर्याचे तोंड दिसत नाही. दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस ओलसर राहतात, मीठ बरणीत पाझरते आणि पुस्तकांना बुरशीचा वास येऊ लागतो. हे घर वडिलांनी १९६४ साली बांधले. भिंती जांभ्या दगडाच्या, दर्जा आणि गिलावा चुन्याचा, आणि जोते जमिनीपासून हात-सव्वा हात उंच. पुढे १९८७ साली घराच्या कडेला, मागील खोलीच्या भिंतीला टेकून, आम्ही गाडीखाना बांधला. भरणीच्या मातीवर शहाबादी फरशी बसविली आणि कृतकृत्य झालो. ती मागील खोली माझ्या आईची. गाडीखान्याची आणि तिच्या खोलीची भिंत एकच होती, ही गोष्ट पुढील हकिकतीसाठी आपण ध्यानात ठेवावी.

गाडीखान्याची फरशी पहिल्या पावसाळ्यापासूनच ओलावू लागली. आषाढात ती काळपट दिसे, सांध्यांतून पांढरा खार फुटे, कोपऱ्यात ठेवलेल्या खोक्यांचे तळ मऊ पडत. दसऱ्यानंतर सारे वाळून जाई आणि आम्हीही ते विसरून जात असू. अशी पंचवीस वर्षे गेली. २०१३ साली मात्र मला सुधारणेची हुक्की आली. फरशीवर सिमेंटचा कोबा घालून घेतला, त्यावर चकचकीत इपॉक्सी रंग चढविला आणि तोच सिमेंटचा गिलावा व तोच रंग सामाईक भिंतीलाही चार फुटांपर्यंत दिला. गाडीखाना असा दिसू लागला की पाहुण्यांना चहाच्या आधी तो दाखवावा! त्या वर्षी जमीन कोरडी राहिली. खर्च वसूल झाला, असे मी चारचौघांत सांगितलेही.

दुसऱ्या पावसाळ्यात रंगाला फोड आले. बोट दाबले की फोडातून पाणी निघे. परंतु तेवढ्याने मी अस्वस्थ झालो नाही. अस्वस्थ करणारी गोष्ट भिंतीच्या पलीकडे घडत होती. आईच्या खोलीतील भिंत जमिनीपासून दीड-दोन फुटांपर्यंत ओली झाली होती. चुन्याचा गिलावा फुगून गळू लागला होता, आणि तिच्या पलंगामागे काळी बुरशी धरली होती. आईला दम्याचा विकार होता. त्या श्रावणात तिचा खोकला रात्रभर चाले. आम्ही त्याचा दोष कधी हवेला दिला, कधी वयाला दिला. औषध बदलले, दुलई बदलली. भिंतीकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही, कारण "पावसाळ्यात भिंत ओलावायचीच" ही समजूत आमच्या हाडीमाशी खिळलेली होती. तिनेच एकदा सहज म्हटले, "पन्नास वर्षांत ही भिंत कधी ओली नव्हती रे." हे वाक्य मी ऐकले, पण त्याचा अर्थ मला कळावयास दिवाळी उजाडली.

अर्थ सांगितला तो एका वृद्ध गवंड्याने. रंगाचे फोड त्यांना दाखवावे म्हणून मी बोलावले होते. त्यांनी जमिनीकडे क्षणभर पाहिले आणि ते थेट आईच्या खोलीत गेले. भिंतीवर हात फिरवून म्हणाले, "मास्तर, तुम्ही जमिनीचं तोंड बांधलंत. आता ती भिंतीतून श्वास घेते आहे."

श्रोतेहो, हे वाक्य काव्यासारखे वाटले तरी ते शुद्ध पदार्थविज्ञान आहे. समईची वात आपण सर्वांनी पाहिली आहे. तेल तळाशी असते आणि ज्योत वर, तरी तेल वर चढते. वातीच्या धाग्यांमधील अतिसूक्ष्म वाटा त्याला वर ओढून घेतात. या गुणाला केशाकर्षण म्हणतात. वाट जितकी बारीक तितके पाणी उंच चढते. २ मिलिमीटर व्यासाच्या स्वच्छ काचेच्या नळीत ते सुमारे १५ मिलिमीटर चढते. व्यास दहापट कमी केला तर १५ सेंटिमीटर, आणि आणखी दहापट कमी केला तर दीड मीटर. माती, वीट, चुना, सिमेंटचा कोबा आणि आमचा जांभा दगड, या सर्वांच्या पोटात अशा बारीक वाटांचे जाळे असते. म्हणजे ओल्या जमिनीवर उभी राहिलेली प्रत्येक भिंत ही एक वातच होय.

परंतु वातीत तेल किती चढते हे ज्योत किती तेल जाळते यावरही अवलंबून असते. भिंतीचेही तसेच आहे. खालून पाणी चढत असते आणि पृष्ठभागावरून ते वाफ होऊन उडत असते. ज्या उंचीवर या दोहोंचा हिशेब जमतो, तेथे ओल थांबते. आमच्या जुन्या फरशीचे सांधे पंचवीस वर्षे गुपचूप हे उडविण्याचे काम करीत होते. काळपट दिसणारी, खार फुटणारी ती कुरूप जमीन आईच्या खोलीची राखण करीत होती! मी कोबा आणि रंग घालून ती वाट बुजविली. भिंतीचा गाडीखान्याकडील अंगही सिमेंटने बंद केला. पाण्याला उडून जाण्यासाठी एकच उघडी बाजू उरली, आणि ती माझ्या आईच्या उशाशी होती.

यावरून पहिला धडा असा की ओल दिसताच तिच्यावर काही फासू नये. आधी ती कोठून येते ते शोधावे. ओलीची वाट तीनपैकी एक असते. एक, जमिनीखालून चढणारे पाणी. दुसरी, हवेतील बाष्प. तिसरी, फुटका नळ किंवा गळकी मोरी. तिन्हींचे उपाय निरनिराळे आहेत आणि एकाचा उपाय दुसरीला लागू पडत नाही.

हवेतील बाष्पाची गोष्ट पुष्कळांना खोटी वाटते. परंतु ३० अंश सेल्सिअस उष्णतेची आणि ८० टक्के आर्द्रतेची हवा सुमारे २६ अंशांवरच्या थंड पृष्ठभागाला लागली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊ लागते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो तो याच कारणाने. गाडीखान्याची सावलीतली जमीन घरात सर्वांत थंड असते. त्यात पावसात भिजलेली गाडी आपण आत आणून दार लावून घेतो. मग जमिनीला घाम फुटला तर दोष जमिनीचा नव्हे.

या दोहोंतील भेद ओळखण्याची परीक्षा त्या गवंड्यांनी मला शिकविली आणि ती कोणालाही करता येईल. जाड, पारदर्शक प्लॅस्टिकचा दीड फूट लांब व दीड फूट रुंद तुकडा घ्यावा. जमीन पुसून त्यावर तो पसरावा आणि चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद कराव्यात. कमीत कमी १६ तास, शक्य तर दोन दिवस, तसाच राहू द्यावा. प्लॅस्टिकच्या वरच्या बाजूला थेंब दिसले तर ओल हवेतली. खालच्या बाजूला थेंब आले किंवा झाकलेली जमीन काळवंडली, तर ओल खालून चढते आहे. दोन्ही बाजू ओल्या असतील तर दोन्ही कारणे एकदम आहेत असे समजावे, आणि पावसाळ्यात तसे पुष्कळदा असते. परीक्षा एका जागी करून थांबू नये. मध्यभागी एक, भिंतीजवळ एक आणि दाराजवळ एक, असे तीन तुकडे लावावेत. नळाची शंका असेल तर घरातील सर्व तोट्या बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवावा आणि चार तासांनी पुन्हा पाहावा. आकडा पुढे गेला असेल तर गवंड्याला नव्हे, नळवाल्याला बोलवावे.

ओल केवळ हवेतली निघाली तर जमीन खणण्याचे कारण नाही. सामान विटा आणि फळ्या यांच्यावर, जमिनीपासून व भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे. भिंतीत खाली एक व समोरच्या भिंतीत वर एक अशी जाळी ठेवावी. ओली गाडी बाहेरच निथळू द्यावी. आणि कोंदट, उकाड्याच्या दिवशी "वारा लागू दे" म्हणून दार सताड उघडू नये, कारण त्या वेळी आत येणारा वारा पाणीच घेऊन येतो. पाऊस उघडून हवा कोरडी झाली म्हणजे दार उघडावे.

आमच्या गाडीखान्यात मात्र तिन्ही तुकड्यांच्या खालच्या बाजूस थेंब जमले. मग ते वृद्ध गवंडी छत्री घेऊन घराभोवती फिरले. मी त्यांना विचारले, "मिस्त्री, दुखणे आत आहे, आपण बाहेर काय पाहता?" ते म्हणाले, "आत दुखणं दिसतं, मास्तर. येतं बाहेरूनच."

बाहेर त्यांना तीन गोष्टी सापडल्या. पहिली म्हणजे रस्ता. आम्ही गाडीखाना बांधला तेव्हा त्याची जमीन रस्त्यापेक्षा चार बोटे उंच होती. त्यानंतर डांबराचे थरावर थर पडत गेले आणि रस्ताच आमच्यापेक्षा उंच झाला. घराला जोते असते, गाडीखान्याला ते नसते, कारण गाडीला पायऱ्या चढता येत नाहीत. म्हणून रस्ता वाढला की पहिला बळी गाडीखान्याचा जातो. दुसरी गोष्ट म्हणजे पन्हळ. छपराच्या पागोळ्या नेमक्या त्या भिंतीच्या पायथ्याशी पडत होत्या. जुन्या घरांची वळचण हात-दोन हात पुढे काढलेली असे आणि पागोळीचे पाणी चरातून दूर जाई, ते काही शोभेसाठी नव्हते. तिसरी गोष्ट सांगावयास संकोच वाटतो. भिंतीला लागून मी मोठ्या हौसेने केलेला जास्वंदी आणि अनंताचा वाफा होता. त्याला मी उन्हाळ्यातही रोज पाणी घालीत होतो.

मग २०१५ च्या उन्हाळ्यात आम्ही काम काढले. त्याचा क्रम सांगतो, कारण या कामात वस्तूंपेक्षा क्रमाला महत्त्व आहे.

आधी बाहेरचे पाणी दूर केले. पन्हळीला नळ लावून पाणी गटारात सोडले. वाफा भिंतीपासून दूर नेला. भिंतीच्या बाहेरून, सहा फूट अंतर राखून, चर खणला, त्यात भोके पाडलेला नळ उताराने बसविला आणि चर खडीने भरला. येथे एक इशारा देणे अवश्य आहे. असा चर पायाच्या तळाखाली कधीही नेऊ नये, आणि भिंतीला अगदी चिकटूनही खणू नये. ओल घालविण्याच्या नादात पायाखालची माती सुटली तर भिंतच जाईल. दाराशी आडवी मोरी काढून तिच्यावर लोखंडी जाळी टाकली, म्हणजे रस्त्यावरचे पाणी उंबऱ्यातच अडून बाजूला जाते.

त्यानंतर आतली जमीन उकरली. कोबा, फरशी आणि खालची ओली भरण काढून टाकली. तिच्या जागी मोठ्या दगडांचा व जाड खडीचा सहा इंचांचा थर दिला. दगडादगडांतील पोकळ्या मोठ्या असतात, आणि मोठ्या वाटेत पाणी चढत नाही, हे आपण नळीच्या उदाहरणात पाहिलेच. म्हणजे वातीचा धागा तेथे तुटला. मात्र त्या खडीत माती किंवा बारीक चुरा मिसळू देता कामा नये, नाहीतर तुटलेला धागा पुन्हा जोडला जातो. खडीवर वाळूचा पातळ थर आणि त्यावर २५० मायक्रॉन जाडीचे प्लॅस्टिक अंथरले. सांध्यांवर एकावर एक हातभर चढवून पट्ट्या मारल्या. गड्याचे फावडे लागून त्याला एक जरी भोक पडले तरी पाणी ते शोधून काढते, म्हणून त्या दिवशी मी स्वतः अनवाणी उभा होतो. त्यावर चार इंचांचा काँक्रीटचा थर, दाराकडे उतार देऊन घातला. सामाईक भिंतीलगत मात्र वीतभर रुंदीचा पट्टा काँक्रीटविना, नुसत्या खडीचा मोकळा ठेवला.

शेवटी ती भिंत. माझा हौसेचा रंग आणि सिमेंटचा गिलावा टाकीने काढून दोन्ही बाजूंनी पुन्हा चुन्याचा गिलावा केला. परंतु तो लगेच नव्हे. भिंत दोन महिने उघडी ठेवली. वर आलेला खार दर आठवड्याला कोरड्या ब्रशाने झाडून काढला. तो पाण्याने धुऊ नये, कारण धुतलेला खार विरघळून पुन्हा भिंतीतच शिरतो. जांभ्याची जाड भिंत वाळावयास महिने लागतात, कधी पूर्ण वर्षही लागते. नव्या काँक्रीटलाही इंचभर जाडीला साधारण महिना लागतो, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. या काळात घाई करून रंग लावणारा माणूस पाणी आत कोंडतो आणि मग रंगाच्या कंपनीला दोष देतो. मीही दिला होता.

हे काम सर्वांना परवडणार नाही, याची मला जाणीव आहे. ज्यांना जमीन उकरणे शक्य नाही त्यांनी निदान पहिला भाग करावा. पन्हळ, चर, उतार आणि भिंतीलगतचे वाफे, एवढ्यांकडे लक्ष दिले तरी पुष्कळ ओल कमी होते, आणि त्याला खर्चही थोडा येतो. जमिनीवर सांध्यांची फरशी असेल तर ती असू द्यावी. थोडी काळपट दिसेल, दिसू द्यावी. गोव्यातील आणि आमच्याकडील जुन्या घरांत शेणाने सारवलेली जमीन, उंच जोते आणि पुढे झुकलेली वळचण असे. त्या लोकांनी पाण्याशी वैर धरले नव्हते. त्यांनी पाण्याला येण्याची वाट अरुंद केली होती आणि जाण्याची वाट रुंद ठेवली होती. आपण नव्या वस्तू अवश्य वापराव्यात. प्लॅस्टिकचा तो कागद आजोबांना मिळाला असता तर त्यांनीही आनंदाने अंथरला असता. परंतु ती वस्तू कोणत्या वाटा बंद करते आणि त्यामुळे पाणी कोणत्या नव्या वाटेने निघेल, हा प्रश्न आधी विचारावा. पाणी अडविले म्हणजे ते नाहीसे होत नाही. ते फक्त दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला जाते.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात आईचा पलंग माजघरात होता. भिंत पुरती वाळली तेव्हा तुळशीचे लग्न होऊन गेले होते, आणि मग ती आपल्या खोलीत परत गेली. तिचा खोकला समूळ गेला, असे मी म्हणणार नाही. वय आणि विकार आपल्या जागी होते. परंतु पुढच्या श्रावणात ती रात्री सलग झोपू लागली. त्या खोलीत ती आणखी सहा वर्षे राहिली. रोज सकाळी उठल्यावर भिंतीला तळहात लावून पाहण्याची तिला सवय लागली होती. "कोरडी आहे," असे ती म्हणे आणि मग चहा घेई.

आता ती नाही. ती सवय मात्र मला लागली आहे. येत्या पावसाळ्यात आपणही एकदा आपल्या गाडीखान्यात जावे, आणि तेथून न थांबता भिंतीच्या पलीकडच्या खोलीत जावे. तेथे कोण झोपते ते पाहावे आणि भिंतीला तळहात लावावा. माझे दोन पावसाळे ज्या गोष्टीत गेले, ती आपल्याला एका क्षणात कळेल.